मांडीतली द्वारका

कृष्णाची द्वारका पाण्यात बुडाली आणि दिल्लीची पाण्यावाचून बुडणार, असं भाऊसाहेब म्हणत. निवृत्तीनंतर सरोजिनी नगरचं सरकारी क्वार्टर सोडून ते इथं, दिल्लीच्या द्वारका उपनगरात, चौथ्या मजल्यावर आले, तेव्हा जवळ मेट्रो होती, कोपऱ्यावर मॉल होता. नळाला मात्र नुसती हवा. पहाटे टँकर येई. लिफ्टमधून बादल्या न्यायला सोसायटीची बंदी. मग भाऊसाहेब भरल्या बादल्या घेऊन जिना असा पळत चढत की खालची कुत्री त्यांना चोर समजून भुंकत.

"दसऱ्यापर्यंत बघते," मीनाक्षीबाईंनी हसत बजावलं होतं. "पिंप काठोकाठ भरलं तर ठीक, नाहीतर मी चालले नागपूरला भावाकडे. तुम्ही बसा तुमच्या मॉलमध्ये!"

ते हसू भाऊसाहेब ओळखून होते. पिंपाला चार खेपा लागत, आणि नेमके तिसऱ्या खेपेला त्यांचे पाय दगड होत.

मुलगी रुचिता कॉलेजात शरीरशास्त्र शिकत होती. "बाबा, इतक्या जोरात चढलात की श्वास पुरा पडत नाही. स्नायू हवेची वाट न बघताच साखर जाळतात. त्या धामधुमीत ठिणग्या उडतात. ऑक्सिडेटिव्ह स्ट्रेस म्हणतात त्याला. लोखंड गंजतं ना, तसंच काहीसं."

भाऊसाहेबांनी 'गंज' तेवढा ऐकला. खोटं कशाला, उशीच्या अभ्र्यावर विटकरी भुकटी पडायलाही लागली होती, आणि चावणाऱ्या डासाची सोंड वाकत होती. ते तडक मॉलमध्ये गेले, गंज रोखणाऱ्या नारिंगी गोळ्यांची परदेशी डबी घेऊन आले आणि रोज जिना चढून झाला की मूठभर गिळू लागले. उशी लख्ख झाली. पाय मात्र तिसऱ्या खेपेला दगडच.

दसरा महिन्यावर आला. एका दुपारी, पडदा उन्हात मंद हलत असताना भाऊसाहेबांचा डोळा लागला आणि ते तरंगत तरंगत आपल्याच मांडीत उतरले.

आत अख्खी कॉलनी वसलेली. सेक्टर, बाल्कन्या, बिनधुराड्याच्या लालसर भट्ट्या. काजव्यांसारख्या ठिणग्या उडत होत्या. जिथं टेकत तिथली भिंत तांबूस होई. रहिवासी मात्र उन्हात खुर्च्या टाकून शेंगदाणे सोलत बसलेले.

"अहो, विझवा ना कोणीतरी!" भाऊसाहेब ओरडले.

"आप कौन, साहेब?" एकजण आळस देत म्हणाला. "वरून पुरवठा मंजूर आहे. टँकर येतोच रोज."

"अरे, स्वतःची विहीर खणा!"

"चटका बसला तर खणू यार. बसू देतंय कोण?"

तेवढ्यात वरून नारिंगी पाण्याचा लोंढा आला. ठिणग्या चर्रकन विझल्या. रहिवाशांनी फक्त पाय खुर्चीवर घेतले.

भाऊसाहेब दचकून उठले. उभी नोकरी त्यांनी या असल्याच खुर्च्यांत काढली होती.

रुचिताला स्वप्न सांगितलं तशी ती खळखळून हसली. "बिल्कुल बरोबर आहे, बाबा! थोडे चटके बसले तरच शरीर ठिणग्या विझवणारे आपले बंब उभारतं. तुम्ही मुठीनं गोळ्या ओतल्यात, तर त्याला गरज कळणार कशी? नीट जेवा. आणि एक दिवस आड चढा. बंब उभारायला सवड नको का?"

डबी बंद झाली. आड दिवशी पिंप अर्धं राही आणि मीनाक्षीबाई नागपूरला फोन करून गाड्यांच्या वेळा विचारत. गंज असा वाढला की भाऊसाहेब शिंकले तर खोलीत गुलाल उडे.

"रंगपंचमी यंदा दसऱ्याआधीच वाटतं?" त्या म्हणाल्या. पण मग दुपारच्या शांततेत नवऱ्याच्या मांडीतून कुदळींचा बारीक आवाज त्यांनाही ऐकू येऊ लागला. विहीर खणली जात होती.

दसऱ्याच्या पहाटे तिसरी खेप वर आली. मग चौथी. पिंप काठावरून सांडलं. भाऊसाहेब दारातच बसले. छाती धपापत होती, पाय मात्र पिसासारखे.

मीनाक्षीबाईंनी पिंपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"उद्या तुमचा आड दिवस ना?"

"हो."

"मग उद्या मी उतरते," पदर खोचत त्या म्हणाल्या. "पण सांगून ठेवते, माझ्या मांडीत डोकावायचं नाही!"