मास्तरांच्या गळ्यातली टेप

मी टेप बोलतेय. गाणी वाजवणारी नव्हे, ती बिचारी केव्हाच अडगळीत गेली. मी मापाची टेप, शिंप्याच्या गळ्यात लोंबते ती. साठ इंच लांब, बोटभर रुंद, दोन्ही टोकांना पत्र्याची टोपी. माझ्या एका अंगावर इंच छापलेत आणि दुसऱ्या अंगावर सेंटीमीटर. एवढं ध्यानात ठेवा. पुढे जो घोळ झाला तो ह्याच्यामुळेच झाला, आणि त्यात थोडा दोष माझाही आहे.

जन्म माझा कारखान्यातला. बटणं आणि दोरे विकणाऱ्या दुकानात एका बरणीत मी माझ्या बहिणींबरोबर गुंडाळून पडले होते. मास्तरांनी मला उचललं, झटकून सरळ केलं आणि थेट गळ्यात घातलं. तेव्हा ते नुकतेच शिकून तयार झालेले शिंपी होते आणि त्यांचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. त्यांच्या बायकोला सगळे वहिनी म्हणतात, म्हणून मीही म्हणते. वहिनींचा हात मास्तरांपेक्षा सफाईदार आहे. मास्तर हे कबूल करतात, फक्त गिऱ्हाइकासमोर नाही.

दोघांची कामाची रीत ठरलेली. मास्तर माप घ्यायचे आणि मोठ्याने आकडा सांगायचे, वहिनी तो वहीत लिहायच्या आणि नंतर कापड कापायच्या. सुरुवातीला माझी इंचांची बाजूच तेवढी वापरात होती. सेंटीमीटरची बाजू आपली कोरी करकरीत, कुणी ढुंकून बघायचं नाही.

मग परदेशातल्या एका दुकानातून मास्तरांना बोलावणं आलं. मास्तरांच्या आईंनी दारात उभं राहून हात हलवला आणि आम्ही तिघं निघालो. तिघं म्हणजे मास्तर, वहिनी आणि कोटाच्या खिशात मी.

ते दुकान तळघरात होतं. खिडकी रस्त्याच्या पातळीला, त्यामुळे बाहेर नुसते पाय दिसायचे. पहिले कित्येक महिने तो देश मी घोट्यापर्यंतच पाहिला. काम कपडे दुरुस्तीचं: हे आखूड करा, ते सैल करा. तिथे सगळा कारभार सेंटीमीटरने चालायचा, म्हणून मास्तरांनी मला उलटी करून गळ्यात घातलं. इतकी वर्षं झोपा काढणारी माझी दुसरी बाजू कामाला लागली आणि इंच बसले मानेवरचा घाम पुसत.

माणसं मात्र तिथेही तीच. कमरेभोवती मी आले की पोट आत ओढणार. छातीभोवती आले की फुगणार. पँट घट्ट झाली की धुलाईवर खापर फोडणार. भाषा कळत नव्हती तरी हे मला पहिल्या दिवसापासून कळत होतं.

वहिनींना तिथे मुळीच करमेना. शिवता शिवता त्या डोळ्यांना पदर लावायच्या, पदर हाताशी नसला तर मलाच लावायच्या. माझ्या सेंटीमीटरच्या बाजूवरचा पासष्टचा आकडा जरा फिकट आहे ना, तो त्यांच्यामुळे. एकदा त्यांनी मास्तरांना बजावलं, "पाच वर्षं. त्याहून एक दिवस जास्त नाही." मास्तरांनी शब्द दिला.

दुसऱ्या वर्षी एक उंच, पांढऱ्या केसांच्या बाई फाटका कोट घेऊन आल्या. त्या एका नाटकगृहात कपडेपटाच्या प्रमुख होत्या. वहिनींनी केलेलं रफू त्यांनी उजेडात धरून पाहिलं, उलटं करून पाहिलं, आणि फाटलं कुठे होतं ते त्यांनाच सापडेना. पुढच्या आठवड्यात वहिनी नाटकगृहात कामाला लागल्या. आमच्या घरात त्या पाहुणीचं नाव 'मोठ्या बाई' पडलं.

मोठ्या बाईंच्या हाताखाली वहिनींचा नूरच पालटला. मास्तरांनी दुकानात दुसरी टेप घेतली आणि मला वहिनींना देऊन टाकलं. मी राजांची मापं घेतली, राक्षसांची घेतली, एका भुताचीही घेतली. एका राजाचे खांदे इतके उतरते की वहिनींनी त्याच्या अंगरख्यात कापूस भरला तेव्हा कुठे तो राज्य करण्यालायक दिसायला लागला. पण वहिनींना सगळ्यात आवडायचं ते वेगळंच. मोठ्या बाई कापड टेबलावर पसरायच्या आणि विचारायच्या, "तुम्हाला काय वाटतं?" आणि वहिनी बोलतील तसं व्हायचं. परत जायचं, परत जायचं हा घोशा केव्हा थांबला, ते त्यांचं त्यांनाही कळलं नसेल.

पाचवं वर्ष संपलं त्या दिवशी मास्तर हसत हसत घरी आले आणि विमानाची तिकिटं वहिनींच्या हातात ठेवली. दुकानाचा राजीनामा देऊनच आले होते. "एक दिवस जास्त नाही म्हणाली होतीस ना?" ते म्हणाले.

वहिनींनी तिकिटांकडे बराच वेळ पाहिलं. "हो, म्हणाले होते," एवढंच त्या बोलल्या. सुरुवातीला ज्या गोष्टीसाठी नवऱ्याचा जीव खाल्ला ती त्याने पुढ्यात आणून ठेवली, आता नको कसं म्हणणार? आत जाऊन त्यांनी मला गुंडाळलं, इतकं घट्ट की माझ्या अंगावर वळ उठले. बाहेरच्या खोलीत मास्तरही एकटेच खिडकीशी उभे होते. त्यांचाही पाय निघत नव्हता, पण शब्द दिलेला. हे दोघांपैकी एकानेही दुसऱ्याला सांगितलं नाही. अशी ही हुशार माणसं.

आम्ही परतलो आणि आईंना आभाळ ठेंगणं झालं. त्यांनी घराची पुढची खोली रंगवून घेतली होती, शेजाऱ्यापाजाऱ्यांना आधीच सांगून ठेवलं होतं. पुढच्या खोलीत दुकान, मधे कापडी पडदा, पडद्यामागे घर. मी पुन्हा मास्तरांच्या गळ्यात, इंचांची बाजू वर.

पहिले सहा महिने बरे गेले. मग एक गंमत माझ्या ध्यानात आली. परदेशात असताना हे दोघं घराला 'तिकडे' म्हणायचे. तिकडे माणसं कशी प्रेमळ, तिकडे जेवण कसं रुचकर, तिकडे ऊन कसं छान. आता घरी आल्यावर परदेश 'तिकडे' झाला. तिकडे रस्ते कसे रुंद, तिकडे रांगेत कुणी घुसत नाही, तिकडची थंडीसुद्धा कशी कोरडी. ऊन इकडे भरपूर होतं, पण ते आता छान नव्हतं, नुसतं ऊन होतं. हे दोघं जिथे नसतील तिथे सगळं छान, असा हिशेब.

हे बोलून झालं की लगेच सारवासारव. "पण आपलं ते आपलं," मास्तर म्हणायचे. "हो ना, आपल्या माणसांत राहण्याचं सुख वेगळंच," वहिनी म्हणायच्या. मग दोघं खाली मान घालून शिवायला लागायचे, आणि मशीन जरा जास्तच जोरात चालायचं.

तिसऱ्या वर्षी पत्र आलं. मास्तर दोरे आणायला गेले होते. वहिनींनी ते हळू आवाजात दोनदा वाचलं, म्हणून मला कळलं. मोठ्या बाई निवृत्त होत होत्या आणि त्यांच्या जागी त्यांना वहिनी हव्या होत्या. प्रमुख म्हणून. महिनाअखेरीपर्यंत उत्तर हवं होतं. वहिनींनी पत्र घडी करून माझ्याच डब्यात, माझ्याखाली ठेवलं. आता महिनाभर मी त्या पत्रावर झोपायचं आणि तोंडातून ब्र काढायचा नाही. फार अवघड गेलं मला.

त्याच आठवड्यात मुख्याध्यापक सूट शिवायला आले. शाळेचा मोठा समारंभ होता. माणूस शिस्तीचा, माप देतानाही सावधानमध्ये उभा राहणारा. नमुन्यासाठी त्यांनी आपली जुनी पँट आणली होती. मास्तर माझ्याने माप घेत आकडे सांगत होते, वहिनी लिहीत होत्या. दोघांचंही चित्त ठिकाणावर नव्हतं. शेवटी पँटच्या खालच्या घेराचं, म्हणजे मोहरीचं माप घ्यायचं होतं. मास्तरांनी मला गळ्यातून काढलं तेव्हा मी उलटी पडले. त्यांनी जुनी पँट टेबलावर सपाट पसरली, मला मोहरीवर आडवं ठेवलं आणि तिकडच्या सवयीने म्हणाले, "वीस." ते वीस सेंटीमीटर होते, तेही सपाट. वहीत झाले वीस इंच, पूर्ण घेर. मी ओरडून सांगायला हवं होतं, पण मला तोंड नाही.

एवढ्यावर भागलं असतं. पण दुसऱ्या दिवशी वहिनी कोटाच्या बाह्या कापायला बसल्या. बाहीच्या तोंडाचा घेर वहीत अकरा इंच लिहिलेला. बसल्या बसल्या नजर पुन्हा पुन्हा माझ्या डब्याकडे जात होती, खालच्या पत्राकडे. हात चालत होते नाटकगृहातल्या सवयीने. त्यांनी माझी सेंटीमीटरची बाजू लावून अकरावर खूण केली, कापड दुहेरी होतं, म्हणजे घेर बावीस सेंटीमीटर, नऊ इंचही नाही, आणि कात्री चालवली.

मुख्याध्यापक ट्रायलला आले. पँटच्या एकेका पायात आणखी एक मुख्याध्यापक मावला असता. आणि कोटाच्या बाहीतून हात बाहेर येईना. मनगटापर्यंत आला आणि अडकला. ते तसेच उभे राहिले, पाय पाण्यात उतरल्यासारखे आणि हात बांधल्यासारखे. शांतपणे त्यांनी विचारलं, ही तिकडची नवी पद्धत आहे का. मास्तरांनी घाम पुसत सांगितलं की चार दिवसांत सगळं नीट करून देतो. कापड थोडं जास्त आणलेलं होतं म्हणून नव्या बाह्या निघणार होत्या. नाहीतर तोंड दाखवायला जागा नव्हती.

ते गेल्यावर जुंपली. कापताना डोळे कुठे होते, असं मास्तर म्हणाले. माप घेताना तुमचे कुठे होते, असं वहिनी म्हणाल्या. मग दोघं मला घेऊन बसले. आधी जुन्या पँटवर मला लावलं, मग कापलेल्या बाहीवर लावलं.

"तुम्ही सेंटीमीटरने मोजलंत," वहिनी म्हणाल्या.

"आणि तू सेंटीमीटरने कापलंस."

मला टेबलावर पसरून दोघं माझ्याकडे बघत राहिले. मग वहिनींनी डब्यातलं पत्र काढून मास्तरांपुढे ठेवलं. मास्तरांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं.

"हे तू मला सांगितलं नाहीस."

"काय सांगू? मीच तुम्हाला ओढून आणलं इकडे."

"तुला यायचं होतं म्हणून आलो ना मी."

"पहिल्या वर्षी यायचं होतं. पाचव्या वर्षी मला कुणी विचारलं?"

मास्तरांनी हळूच कबूल केलं की गेली तीन वर्षं ते रोज सकाळी वर्तमानपत्रात तिकडचं तापमान बघतात. मग वहिनींना हसू फुटलं, आणि त्या हसताहेत म्हणून मास्तरही हसले. माझ्या मनावरचा दगड उतरला.

पण जायचं कसं? पडद्यामागे आई होत्या. मुलगा आला म्हणून खोली रंगवलेली, साऱ्या गल्लीत ताठ मानेने फिरणाऱ्या. त्यांना सांगायचं कुणी? मास्तर म्हणाले, उद्या सांगू. वहिनी म्हणाल्या, तुमची आई, तुम्हीच सांगा. मुख्याध्यापक नव्या बाह्यांचा कोट घालून समारंभ आटोपून आले तरी ह्यांचं उद्या उजाडेना. मास्तर आईंसमोर जायचे, ऊन फार वाढलंय असं काहीतरी बोलायचे आणि परत यायचे. महिनाअखेरीला पाच दिवस उरले. मग वहिनींनी एका दुपारी कागद पुढे ओढला आणि मोठ्या बाईंना नकाराचं उत्तर लिहायला घेतलं. आईंना पुन्हा दारात उभं करून जायचं त्यांच्याच्याने होईना. मला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात पडदा सरला आणि आई दुकानात आल्या. टेबलाजवळ उभ्या राहिल्या, हात अंगापासून थोडे दूर धरून, गिऱ्हाईक उभं राहतं तशा.

"माझं माप घे गं," त्या म्हणाल्या. "कोट शिवायचाय. चांगला जाड. आणि खिसे खोल हवेत."

मास्तर मशीनवरून उठले. "आई, तुला सांगणारच होतो."

"मधे पडदा आहे, भिंत नाही. महिनाभर ऐकतेय मी."

"मग बोलली का नाहीस?"

"म्हटलं, ह्या वेळी तरी विचारतील, आई येतेस का. तुम्ही विचारेनात. म्हटलं, आपणच माप द्यावं." त्यांनी सुनेने लिहिलेला कागद बाजूला सारला. "नाही करमलं तर येईन परत. त्यात काय एवढं, तुम्ही नाही का आलात?"

वहिनींनी मला उचललं आणि आईंच्या छातीभोवती वळसा घातला, आणि वळसा घातल्यावर जरा वेळ तशाच राहिल्या. आईंनी पोट आत घेतलं नाही. असं मी दोन देशांत मिळून पहिल्यांदाच पाहिलं.

आता निघायला आठवडा राहिलाय. आईंच्या कोटाचं कापड आलंय. बरोबर एक नवी टेपही आलीय, पिवळीधमक, वहिनींच्या नव्या पदाला शोभेल अशी. तिचं माझं भांडण नाही. मी जुनी झालेय, वापरून वापरून अर्धा इंच ताणले गेलेय, म्हणजे माझा इंच आता खऱ्या इंचाहून जरा मोठा, ते मला माहीत आहे.

पण वहिनी, एक ऐका. आईंचं माप तुम्ही माझ्याने घेतलंय. माझ्यानेच कापलंत तर कोट त्यांच्या अंगावर नेमका बसेल. नव्या टेपने कापलंत तर घट्ट होईल, आणि एवढ्या लांब जाऊन म्हातारीला हात वर करता यायचा नाही. तेव्हा कापताना मलाच घ्या. आणि तिकडे गेल्यावर तो कोट सैल करायची वेळ आली, तर ते माप माझ्याशिवाय कुणाला जुळणार? मला बॅगेत टाका. माझं ओझं ते कितीसं, आईंच्या खोल खिशातही मावेन मी.