ताणलेले जावईबापू

दंतवैद्याचं आणि त्याच्या साडूचं भांडण असं कधी झालं नव्हतं. पण साडूने मोठा टीव्ही घेतला की याला त्याहून मोठा लागायचा. साडू तिरंदाजी शिकायला लागला, तसा हाही दुकानात हजर झाला.

"सगळ्यात वेगवान कंपाउंड धनुष्य दाखवा, ते चाकांचं."

दुकानातल्या बाईंनी दोन धनुष्यं समोर ठेवली. "याच्या टोकांची चाकं कडक आहेत. ओढताना जवळजवळ शेवटपर्यंत पूर्ण जोर लागतो, म्हणून बाण सुसाट जातो. शेवटी एकदम हलकं होतं, पण दोरी जरा ढिली पडली की ते तुम्हालाच पुढे खेचतं. हे दुसरं मऊ आहे. थोडा वेग जातो, पण ओढायला सुख."

"मऊ पाव असतो, धनुष्य नाही," दंतवैद्य म्हणाला आणि कडक उचललं.

रविवारी क्लबच्या हॉलमध्ये बायको आणि साडू बघत असताना त्याने दोरी ओढली. चेहरा टोमॅटोसारखा झाला, मान आत गेली आणि एकदाची दोरी गालाला टेकली. हातावरचा भार क्षणात उतरला. तो विजयी मुद्रेने नेम धरणार, इतक्यात निशाणांच्या शेजारचं दार उघडून सासूबाई आत आल्या.

"जावईबापू, चष्मा गाडीतच राहिला तुमचा!"

प्रशिक्षकाने जोरात शिट्टी मारली. दंतवैद्याने दोरी सोडायच्या कळीवरचं बोट झटकन काढून धनुष्य जमिनीकडे वळवलं. आता बाण सोडता येईना आणि दोरी परत नेता येईना. जरा सैल केली की धनुष्य हिसका मारी.

"अहो, हळूच सोडा ना!" बायको ओरडली.

"हवूच ओत नाई!" दिवसभर लोकांना 'आ करा' सांगणारा माणूस दात आवळून बोलत होता.

सासूबाईंना वाटलं, जावई ऐटीत उभे आहेत. "छान दिसताय हो!" असं म्हणून त्या तिथेच कौतुकाने थांबल्या. शेवटी प्रशिक्षकाने त्यांना हाताला धरून बाहेर नेलं.

तोवर दंतवैद्यात धनुष्य पुन्हा निशाणाकडे उचलायचंही बळ उरलं नव्हतं. साडूने धावत येऊन मागून त्याच्या कमरेला मिठी मारली. "मी धरलंय, डॉक्टर. दोरी सैल करा आता!"

धनुष्याने दोघांनाही खेचलं. दोघं एकमेकांना कवटाळून, गिरकी घेत बाजूच्या खुर्च्यांच्या रांगेत जाऊन पडले.

"लागलं का हो?" वरून दंतवैद्याने विचारलं.

"नाही. पण माझ्या पोटावरून उठा."

दोघं इतके हसले की उठायलाच वेळ लागला. दुसऱ्या दिवशी साडूच त्याला दुकानात घेऊन गेला. बाईंनी धनुष्य बदलून दिलं: चाकं मऊ, ओढ कमी, मूठ आणि दोरीत अंतर थोडं जास्त, म्हणजे हात किंचित हलला तरी बाण फारसा भरकटत नाही. वेग साडूच्या धनुष्यापेक्षाही कमी झाला. तरीही दंतवैद्याने तेच उचललं.

पुढच्या रविवारी त्याचे तीन बाण मधल्या पिवळ्या वर्तुळात एकमेकांना खेटून बसले. साडूने खूश होऊन तोंडाने शिट्टी वाजवली. मागच्या खुर्चीवरून सासूबाई पदर खोचत उठल्या.

"बघू, मला जमतंय का. आणि तुम्ही दोघं माझ्या मागे उभे राहा, धरायला."