सासूबाईंचा वकील

"शहाण्यानं कोर्टाची पायरी चढू नये, आई," आमचे हे बैलांना वैरण टाकता टाकता म्हणाले.

"मग तू शहाणा घरी बस," सासूबाईंनी पदर खोचला. "आम्ही दोघी जातो. चल गं!"

मी हातातलं खुरपं तिथंच टाकलं. घाबरू की हसू, मला कळेना.

भांडण होतं गाडीवाटेचं. आमच्या शेताला जायची वाट सासऱ्यांच्याही आधीपासूनची. शेजाऱ्यानं ती नांगरली आणि सरळ मका पेरला. सारं गाव त्याला गोडबोल्या म्हणतं. वर म्हणतो कसा, "वहिनी, तुम्हाला कोण अडवतंय? या की बांधावरनं चालत!" चालत आम्ही जाऊ, पण टोमॅटो काय चालत बाहेर येणार? झाडावर लाल होऊन फुटायला लागले होते. डोक्यावर क्रेट घेऊन ओढ्यातनं फिरून येता येता आमच्या माना मोडल्या.

बसमधून उतरलो तर कोर्टासमोर वकिलांच्या पाट्याच पाट्या. सासूबाई सगळ्यात मोठ्या पाटीखाली शिरल्या. आतला वकील एका कानाला फोन लावून बसलेला. सासूबाईंनी तोंड उघडलं न उघडलं तोच म्हणाला, "जिंकलात समजा! महिन्याभरात भाडेकरू बाहेर काढतो."

"कुठला भाडेकरू?"

"तुमचाच की!"

आम्ही रस्त्यावर येऊन पोट धरून हसलो. सासूबाई म्हणाल्या, "ह्याच्यापुढं अजून थोडं बसलो असतो, तर आपल्यालाच घराबाहेर काढलं असतं ह्यानं."

दुसरा वकील मऊ होता. सगळं लिहून घेत होता. सासूबाईंना चेव चढला. "गोडबोल्यानं मला ढकललं," म्हणाल्या. मी चमकून बघितलं. कुठं ढकललं?

"रक्त आलं का? आलं असतं तर बरं होतं," वकील लिहिता लिहिता म्हणाला.

"आलं की! तांब्याभर!"

मी पदराचा बोळा तोंडात कोंबला. बाहेर पडल्यावर सासूबाई म्हणाल्या, "माझं लबाड बोलणं ह्याला साखरेसारखं गोड लागलं गं. असला माणूस मला बुडवील."

तिसरं ऑफिस सायकलच्या दुकानावर, लाकडी जिन्यानं चढून. आत एक वकीलबाई, सर्दीनं नाक लाल झालेलं. सांगता सांगता सासूबाईंची जीभ पुन्हा सुटली. आता ढकलणाऱ्या गोडबोल्याकडं कुऱ्हाड आली होती, काठीही आली होती.

"कुऱ्हाड कोणत्या हातात होती, मावशी?"

"उजव्या."

"आणि काठी?"

"ती डाव्या."

"मग तुम्हाला ढकललं कशानं? शेपटीनं?"

माझ्या तोंडातनं हसू असं फुटलं की खुर्ची मागं सरकली. वकीलबाई हसता हसता शिंकली, शिंकता शिंकता हसली. सासूबाई मात्र लाल.

"आता खरं सांगा," वकीलबाई नाक पुसत म्हणाली. "खऱ्याला मी फी वाढवत नाही."

सासूबाईंनी सांगितलं. वाट, नांगर, टोमॅटो. मग आवाज खाली आणून म्हणाल्या, "आणि रागाच्या भरात मी त्याचा थोडा मका उपटून म्हशीला घातला."

"थोडा?"

"म्हशीला दोन दिवस पुरला."

"हे चुकलं तुमचं. कोर्टात मी हेच आधी सांगणार."

"आपलाच वकील आपल्याला चोर म्हणतो!" सासूबाई ताडकन उठल्या आणि धाडधाड जिना उतरल्या. मी मागनं. दुकानापुढं येऊन त्या थबकल्या. सायकलवाला पंक्चर काढत होता, त्याच्याकडं उगीच बघत राहिल्या. मग माझा दंड धरला. "लग्न झाल्यापासून मला कुणी गप्प बसवलं नव्हतं. तुझ्या सासऱ्यांनीसुद्धा नाही. ही बाई गोडबोल्याला काय सोडते! चल वर."

वकीलबाई शेतावर आली, चिखलात चपला हातात घेऊन वाट चालली, फोटो काढले. तारखेला गोडबोल्या पांढऱ्याशुभ्र कपड्यांत हजर. हात जोडून म्हणाला, "साहेब, तिथं वाट कधी नव्हतीच."

वकीलबाई उठली. "माझ्या पक्षकारानं यांचा मका उपटला, हे आम्ही कबूल करतो."

झालं! गोडबोल्याला पाठबळ मिळालं, गोडी सुटली आणि तो ओरडला, "उपटला म्हणजे? अख्ख्या गाडीवाटेवरचा साफ केला, साहेब!"

"कुठल्या वाटेवरचा?" साहेबांनी चष्मा वर केला.

सारं कोर्ट खिदळलं. शिपाईसुद्धा भिंतीकडं तोंड करून हसला.

निकाल लागेपर्यंत वाट मोकळी ठेवायचा हुकूम झाला. मक्याची भरपाई मात्र सासूबाईंना द्यावी लागली. दात ओठ खात दिली. तोवर निम्मे टोमॅटो सडले होते, पण उरलेल्यांनी गाडी भरली. वर सासूबाई राणीसारख्या बसल्या. गोडबोल्या बांधावर उभाच होता. अर्ध्या वाटेत नांगरलेल्या ओल्या, भुसभुशीत मातीत चाक रुतलं. बैल ओढेनात, आमचे हे घामाघूम, मी मागनं ढकलतेय, चाक जागचं हलेना.

"बघत काय राहिलास?" सासूबाई वरनं गरजल्या. "नांगरलीस कुणी ही माती? लाव खांदा!"

गोडबोल्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. गाडी तिथंच राहिली असती तर त्याचा उरलेला मकाही बैलांच्या पोटात गेला असता. त्यांनी माना वळवल्याच होत्या. तो मुकाट्यानं खाली उतरला आणि चाकाला खांदा दिला. चाक सुटलं, चिखलाचा सपकारा त्याच्या तोंडावर बसला, आणि सासूबाई एवढ्या हसल्या, एवढ्या हसल्या, की त्यांना दोन्ही हातांनी क्रेट धरून बसावं लागलं.