आपोआप उघडणारं कुलूप

मी कुलूपवाला. चाळीस वर्षं लोकांची कुलपं उघडतोय, त्यामुळे बंद दार दिसलं की हात शिवशिवतात. बायकोचं वेगळंच. तिला मोठ्या देवांचा कंटाळा. "आपला नंबर लागेस्तोवर देव पेंगायला लागतो," म्हणते. म्हणून फिरायला गेलो की आमचा करार: एक पडकी इमारत माझी, एक आडबाजूचा देव तिचा.

या खेपेला दोन्ही एकाच जागी सापडलं. वीस वर्षं बंद पडलेलं इस्पितळ, आणि त्याच्या धोबीखान्यात देव. देव म्हणजे गुळगुळीत दगड. शेजारी पेशंटची लोखंडी खाट उभी केलेली, आणि तिच्या गजांना शे-दीडशे कुलपं.

राखण करणारी मावशी म्हणाली, "मनातलं मागायचं, कुलूप लावायचं, चावी हौदात टाकायची. काम होणार असलं की कुलूप आपोआप उघडतं."

"आपोआप उघडतं त्याला आम्ही भंगार म्हणतो, मावशी."

"अहो, गप बसा जरा," बायको म्हणाली. पर्समधनं कुलूप काढलं, लावलं, चावी टाकली, डोळे मिटले.

काय मागतेय ते मला ठाऊक होतं. तीन वर्षं पोरगा घरी आला नव्हता. दुकानात बसणार नाही, स्वयंपाकी होणार म्हणाला. मी म्हणालो, जा, आणि परत तोंड दाखवू नकोस. वर त्याच दिवशी घराचं कुलूप बदललं. एवढा शहाणा मी! आईशी फोनवर बोलायचा, पण एकच धरून बसलेला: बाबांनी स्वतः बोलावलं तरच येईन.

ती डोळे मिटून बसली. दगडासमोर मी तरी दगडासारखा किती उभा राहणार? कुलपं बघत सुटलो. एक गंजलेलं, एक सायकलचं. मग तिचं आलं. सवयीनं जरासा हिसका दिला, तर खट्! उघडून हातात.

परत लावणार, एवढ्यात मावशीनं बघितलं आणि बोंबच ठोकली. "उघडलं! अहो बाई, तुमचं उघडलं!"

बायकोनं कुलूप माझ्या हातून घेतलं, आधी ते बघितलं, मग मला. डोळ्यात टचकन पाणी. "येणार हो पोरगा," म्हणाली.

आता सांगा तिला, मी ओढलं म्हणून! देव मोकळा झाला, अडकलो मी.

बाहेर आलो आणि औषधांच्या फुटक्या खिडकीशी उभा राहून फोन लावला.

"कोण?"

"बाप."

मागे भांडी वाजत होती. "आई बरी आहे ना?"

"बरी आहे. तू घरी ये. कुलूप बदललंय, नवी चावी करून ठेवतो."

"बाबा, पिऊन बोलताय का?"

"देवापाशी आलोय, गाढवा."

"तुम्ही आणि देव? मग नक्कीच प्यायलात." हसला. तीन वर्षांनी ऐकलं ते हसणं. "रविवारी येतो."

आत जाऊन सांगितलं. बायकोनं नाक पुसलं आणि कुलूप माझ्या हातात ठेवलं. पालथं केलं, तर मागे लाल ठिपका. तो मीच मारतो, दुकानातल्या बिघडलेल्या कुलपांवर, आणि वेगळ्या डब्यात टाकतो.

"डब्यातलं आणलंस?"

"मग? चांगलं उघडलं असतं का?"

"आणि मी हात लावलाच नसता तर?"

"तुम्ही?" ती इतकी हसली की मावशीनं घाबरून देवाला हात जोडले. "लग्नात माझ्या ट्रंकेचंसुद्धा ओढून बघितलं होतं. चला, माझा देव झाला. आता तुमची इमारत बघू."