सांडशी कोणाच्या हातात

सत्तावन्न साली पुंजाजी लोहार वारला आणि आमच्या गावाला एकदम शास्त्र आठवलं. लग्न होऊन आली तेव्हापासून त्याची बायको मनकर्णा ऐरणीसमोर उभी राहून घण मारत होती. त्याला कोणाची हरकत नव्हती. पण ऐरणीशी बसून तापलं लोखंड सांडशीत धरायचं ते पुरुषानंच. बाईनं धरलं तर जमीन पिकत नाही म्हणे! असली शास्त्रं कोण काढतं, देव जाणे.

गावात शब्द चाले जानराव पाटलाचा. तो चारचौघांत म्हणाला, "रांडव बाईच्या हातची पास माह्या वखराले लागनार नाई." झालं. पास म्हणजे वखराचं लोखंडी पातं; ते आणि बाकीचं लोखंड घेऊन सगळे मोर्शीच्या लोहाराकडे जाऊ लागले. मनकर्णाचा भाता बंद पडला. पुंजाजीचा चुलतभाऊ तर ऐरणच उचलून न्यायला आला. "पह्यले माहा मुडदा न्या," ती म्हणाली, आणि ऐरणीला पाठ लावून बसली. तो आला तसा परत गेला.

चैत्रात जानरावची धाकटी पोर बैलाला भ्याली. झोपेत दचकायची, किंचाळायची. अशा पोराला तापलं लोखंड विझवलेलं पाणी पाजायचं, हा आमच्याकडचा जुना उपाय. जानरावची आई दुर्गाबाई तांब्या घेऊन मनकर्णाच्या दारात आली.

"मनकर्णे, घोटभर पानी दे वं. मोर्शीचं आनलं, गुन नाई आला. आपल्याच गावच्या ऐरनीचं लागते मनतात."

मनकर्णानं लोखंड विझवायची कुंडी दाखवली. तळाशी सुका गाळ होता.

"आजी, लोखंड इझलं त पान्याले गुन येते. लोखंड तुमीच बंद केलं. जानरावभाऊले मना, पास घेऊन या. दिवसाढवळ्या, सगळ्यायच्या समोरून."

"अवं, पन सांडशी कोन धरन?"

"मी."

जानराव आला. खांद्यावर पास, तोंड एरंडेल प्यायल्यासारखं. मागे अख्खं गाव. मनकर्णानं कुंडी भरली, पदर खोचला, भाता ओढून पास लाल केली आणि पुंजाजीच्या जागेवर बसली. सांडशी उचलली. मला तर टाळ्या पिटाव्याशा वाटल्या!

जानराव तसाच उभा.

"पाहून काऊन राहिले?" ती म्हणाली. "सांडशी मी धरली, मंग घन कोन मारन? उचला!"

जानरावनं घण उचलला. पहिला घाव भलतीकडेच गेला.

"तसं नाई. मी हातोडीनं दाखवीन, तिथंच मारा. जोरानं! लोखंड थंडं होऊन राहिलं."

आणि पाटील मारू लागला, ती दाखवेल तिथं.