गदामेसच्या गल्लीतला संशयी दरवाजा

मित्रांनो, मी खजुराच्या खोडाचा एक जुना दरवाजा आहे आणि माझा कुणावर चटकन विश्वास बसत नाही. सगळ्यांवर विश्वास ठेवला, तर मला दरवाजा कोण म्हणेल? भिंतीतलं भोक म्हणतील.

वाळवंटातल्या गदामेस गावात, वरून झाकलेल्या एका अंधाऱ्या गल्लीत मी उभा आहे. ज्या सुताराने मला घडवलं, तो खिळ्यागणिक देवाचं नाव घेई. घरधनी मक्केची यात्रा करून परतले, तेव्हा माझ्या अंगावर लाल-हिरव्या कातड्याची फुलं ठोकली. सणासुदीला माणसं देवाची स्तुती गात गल्लीतून जात आणि माझ्या फळ्याही त्या सुरात थरथरत. काय ते भाग्य! पुढे सगळे नव्या वस्तीत राहायला गेले. मागे उरलो आम्ही, पडक्या भिंती आणि आम्हाला बघायला येणारे पाहुणे.

माझ्या शेजारचा दरवाजा अशाच एका पाहुण्याने नेला. आधी कौतुक, मग मोजमाप, मग एके सकाळी नुसती चौकट. तेव्हापासून कुणी अंगावरून हात फिरवला की माझा अडसर आपोआप आवळतो.

उन्हाळ्यातली दुपार होती. माझी मालकीण मबरूका नव्या वस्तीतल्या उकाड्यातून गारव्यासाठी माझ्याजवळच्या ओट्यावर येऊन बसली होती. जवळच पाहुण्यांना गाव दाखवणारा किलानी होता. तेवढ्यात एक परका माणूस आला. त्याने माझी फुलं चाचपली. झालं, मनात म्हटलं, आला माझा काळ!

"मामी, मी नाजी. तुमच्या नणंदेचा, तुफ्फाहाचा मुलगा. ट्यूनिसहून आलोय. आईला शेवटचे दिवस या घरात काढायचेत. किल्ली द्याल? मी घर नीट करून घेतो."

"तुफ्फाहाला गाव सोडून जमाना झाला. ना निरोप, ना सांगावा," मबरूका म्हणाली. "आणि आज एकदम मामी?"

किलानीने डोळे बारीक केले. "बरं भाचेबुवा, इथून मशिदीकडे कुठे वळायचं?"

नाजीने गल्लीच्या दोन्ही टोकांकडे पाहिलं.

"झऱ्यावर कुठून जायचं?"

"ते... आई कधी बोलली नाही."

"वा रे वा! आईचा जन्म या घरातला आणि लेकाला गल्ली ठाऊक नाही! काकू, हा दरवाजे नेणाऱ्यांपैकीच. किल्ली कमरेलाच राहू द्या."

राहू द्या, मीही म्हटलं.

"आलाच आहेस तर बघून जा," म्हणत मबरूकाने मला उघडलं. "किलानी, याच्या हातांवर लक्ष ठेव."

"चला गच्चीवर. फोटो झकास येतात," म्हणत किलानी सवयीने धडाधडा जिना चढलासुद्धा. नाजी मात्र खालीच थांबला. मान खाली घालून त्याने खणखणीत हाक दिली, "पुरुषमाणूस वर येतोय! वाट द्या, आयांनो!"

किलानी खदखदून हसला. "अहो, वर नुसती कबुतरं आहेत. त्यांना पदर घ्यायला सांगू का?"

मबरूका हसली नाही. ती लगबगीने जिन्याशी आली. आमच्या गावात गल्ल्या पुरुषांच्या आणि गच्च्या बायकांच्या. बायका गच्चीवरूनच साऱ्या गावभर फिरत. हाक दिल्यावाचून पुरुष जिना चढत नसे. आता तशी हाक गावातला किलानीदेखील देत नाही.

"अरे, आपण याला पुरुषांचं गाव विचारत बसलो!" ती म्हणाली. "नाजी, वरून माझ्या माहेरी कसं जायचं, सांग बघू."

नाजीने डोळे मिटले. "उजवीकडची ठेंगणी भिंत ओलांडायची. पलीकडे दबकत चालायचं. तिथे एक म्हातारी निजलेली असते. जाग आली, तर सात पिढ्यांचा उद्धार करते."

"माझी आजी ती!" मबरूका हसता हसता रडू लागली.

"शिकवून पाठवला असेल कुणी," किलानी पुटपुटला.

"हो ना, आणि शिकवणारीनं तिच्या शिव्या खाल्ल्या असतील! पण नाजी, किल्ली तुझ्या हाती नाही द्यायची. माझ्या तुफ्फाहाला आण."

खजूर पिकले तेव्हा तुफ्फाहा आली, लेकाच्या खांद्यावर हात टेकून. तिने किल्ली घेतली, पण तिला ती लावताच येईना. या घरात जन्मलेल्या त्या माउलीने मला बाहेरून कधी उघडलंच नव्हतं! मबरूकाने तिचा हात हाती धरला, दोघींनी मिळून किल्ली फिरवली आणि मी उघडलो.

मित्रांनो, पडकी गावं बघायला खुशाल जा. भिंतींवर नावं कोरू नका, माझ्यासारख्याच्या अंगावरचं फूल उपटू नका. आणि घर कितीही ओसाड दिसलं, तरी जिन्याखाली क्षणभर थांबून हाक द्या. वर कुणी नसेलही. पण कुठेतरी दूर, डोळे मिटून, कुणीतरी अजून त्याच गच्चीवरून चालत असतं.