बाई फोटोत येत नाहीत

संस्कृती झोपली की करुणाच्या हाती दिवसातला एकुलता एक तास लागायचा. तो जायचा कुठे, ते तिचं तिलाही कळायचं नाही. कधी कपड्यांच्या घड्यांत, कधी कैऱ्या चिरण्यात, कधी नुसतंच पंख्याकडे बघत पडून राहण्यात. आज मात्र तो कुणालाच द्यायचा नाही असं तिनं सकाळपासून ठरवलं होतं. पोरीच्या अंगावरचा हात अलगद काढून ती उठली, स्टूल ओढलं, आणि कपाटावर पार मागे ढकललेली काळी बॅग खाली काढली.

बॅगेवर पांढरी बुरशी चढली होती. चेन अडली, मग उघडली. आत चार्जर होता, काच पुसायचं मऊ फडकं होतं. कॅमेरा नव्हता.

करुणा स्टुलावरच बसली.

लग्नाआधी एका दुकानात हिशेब बघायची तेव्हा पगारातून साठवून तिनं तो घेतला होता. जुनाच, कुणीतरी वापरलेला, पण तिच्यासाठी कोराकरकरीत. रविवार उजाडला की गळ्यात अडकवून ती भाट्याच्या किनाऱ्यावर नाहीतर मिरकरवाड्याच्या बंदरात. एकदा एसटीनं पूर्णगडला गेली आणि वाळत घातलेल्या जाळ्यांचे फोटो काढता काढता इतकी करपून आली की आईनं ओळखच दाखवली नाही. मग सुहासशी लग्न झालं, संस्कृती झाली. हातात फोन होताच. फोनमध्ये पोरीचे फोटो ढिगानं होते. ते कुणी बघत नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

आणि आत्ता तो कॅमेरा हवा होता तो एका भिंतीपायी.

हॉलच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरी होत्या. त्यांच्या खाली सासऱ्यांचा, म्हणजे सहदेवांचा, फोटो. सासरे तिच्या लग्नाआधीच गेले. घरात त्यांचा एकही धड फोटो सापडेना, तेव्हा ओळखपत्रावरचा मोठा करून लावला. नाक पसरलेलं, डोळे दचकलेले, आणि डाव्या खांद्यावर ऑफिसच्या शिक्क्याचा अर्धा गोल. तो शिक्का काही निघाला नाही.

परवा जेवताना विषय निघाला. सासूबाई, सुनंदा, नाचणे गावापलीकडल्या वाडीत अंगणवाडीच्या बाई होत्या. एप्रिल संपला की निवृत्त होणार. सुहास म्हणाला, "आई, शेवटच्या दिवशी तुझा एक झकास फोटो काढू."

"माझा कशाला गो बाय," सासूबाई उत्तर द्यायच्या ते नेहमी सुनेकडे बघून. "मेल्यावर लावायला आधार कार्डाचा हाय की. ह्यांच्या खांद्यावर शिक्का हाय, माझ्या छातीवर नंबर येईल. जोडी शोभेल."

सुहास खो खो हसला. करुणा मात्र हसली नाही. कारण त्यात थट्टा थोडी आणि खरं जास्त होतं. सासूबाई कुठल्याच फोटोत नव्हत्या. संस्कृतीच्या पहिल्या वाढदिवसाच्या फोटोत सगळं घर होतं, शेजारी होते, आजीचा फक्त हात होता, केकची ताटली धरलेला. त्याला कारणही तसंच. अंगणवाडीत रोज पोरांचे फोटो काढून ॲपवर टाकायचे: जेवताना, वजन करताना, हात धुताना. त्या ॲपला पोरं लागतात, बाई लागत नाहीत. त्यामुळे कुणीही, कुठेही फोन वर केला की सासूबाईंच्या तोंडून "ए, सरळ बसा रे" निघायचं आणि पाय आपोआप एक पाऊल बाजूला पडायचे. लग्नाच्या हॉलमध्येसुद्धा.

म्हणून करुणाच्या मनात होतं, मोठा कॅमेरा घ्यावा, लांबून टिपावं. फोन नव्हे म्हटल्यावर त्या बिचकणार नाहीत. आणि कॅमेराच नाही!

संध्याकाळी सासूबाई घरी आल्या, पदरानं वारा घेत बसल्या. करुणानं पाण्याचा तांब्या दिला आणि भीत भीतच विचारलं, "आई, कपाटावरच्या बॅगेत माझा कॅमेरा होता..."

"तांदळात हाय."

"काय?"

"तांदळात गो. पिंपात. तळाला बघ."

सासूबाई सावकाश पाणी प्यायल्या. "तू पोटुशी होतीस, ओकाऱ्यांनी बेजार. त्या पावसात तुझ्या बॅगेला बुरशी आली. आमच्या अंगणवाडीतल्या नम्रताचा फोन बादलीत पडला होता, तिनं तांदळात ठेवला नि तो चालू झाला. मी म्हटला, हा मोठा हाय, ह्याला जरा जास्त दिवस लागतील."

"जास्त दिवस? आई, पोरगी बोलायला लागली!"

"मग मागायचास. मला वाटला, आता हिला नको असेल. आणि नको म्हणून वस्तू कुजू द्यायची काय?"

करुणानं तो खरंच कधी मागितला नव्हता.

पिंपात कोपरापर्यंत हात घालून तिनं गाठोडं वर काढलं. जुन्या सुती साडीच्या तुकड्यात लेन्स वेगळी, कॅमेरा वेगळा, मधे कडुनिंबाची वाळकी पानं. सगळ्याला तांदळाचा वास. तिनं लेन्स दिव्यासमोर धरली. डाग नाही, जाळं नाही, काच लख्ख. बॅटरी रात्रभर चार्जिंगला लावली. सकाळी बटण दाबल्यावर कॅमेऱ्यानं आधी आजची तारीख विचारली, झोपेतून उठलेल्या माणसानं विचारावी तशी. तिनं तारीख घातली, डोळा लावला. समोर हॉल होता, खिडकी होती, आणि खिडकीवरून एक काळा ठिपका तुरुतुरु चालला होता.

"आई! आत टोका आहे!"

"असणारच," स्वयंपाकघरातून आवाज आला. "तांदूळ हाय तो. टोका नाय तर काय, मोर असेल?"

तांदळातला तो इवलासा किडा आत, डोळा लावतात त्या काचेच्या मागे, कुठेतरी जाऊन बसला होता. तिनं फुंकलं, उलटं धरून थोपटलं. तो हलायचा, निघायचा नाही. शेवटी तिनं तसाच एक फोटो काढला आणि मागच्या पडद्यावर पाहिला. खिडकी स्वच्छ होती. टोका बघणाऱ्याच्या वाटेत होता, फोटोच्या नाही.

"बरंय," सुहास म्हणाला, "तुझा तुलाच दिसतो. आमचा काही त्रास नाही त्याला."

पुढचे तीन-चार दिवस तो दुपारचा तास करुणाचा होता. सुरुवातीचे फोटो बघून तिला रडू यायचं बाकी होतं. एक हललेला, एक काळाठिक्कर, एकात नुसता दाराचा कडी-कोयंडा. मग बोटांना हळूहळू आठवत गेलं. उजेड किती घ्यायचा, कधी श्वास धरायचा. परसातल्या फणसाच्या बुंध्यावर तिनं एक दुपार घालवली. जांभ्याच्या गडग्यावर, कुंपणाच्या त्या दगडी बांधावर, ऊन कसं छिद्रांत शिरतं ते बघत बसली, आणि संस्कृती उठून रडत बाहेर आली तेव्हा तिला कळलं की तासाभरात आपण कशाचीच काळजी केलेली नाही. पोर पायाला मिठी मारून म्हणाली, "आई, तोंड दे." कॅमेऱ्यामागचं तोंड. करुणानं दिलं.

शेवटचा दिवस उजाडला. सासूबाई नवी जांभळी साडी नेसल्या. अंगणवाडीत मदतनीस नम्रतानं फुगे लावले होते, पोरांची तोंडं आंब्यानं चिकट झाली होती. नम्रता हळूच म्हणाली, "वहिनी, काय काढायचं ते आत्ताच. बारा वाजता आया येतात न्यायला. मग इथे काय ऱ्हात नाय."

करुणानं कॅमेरा वर केला.

"ए, सरळ बसा रे. वेदांत, हात खाली," म्हणत सासूबाई एक पाऊल बाजूला झाल्या. फोटोत पोरं आली.

"आई, तुम्ही मधे उभ्या राहा ना."

"राहते की." राहिल्या. करुणानं डोळा लावला. सासूबाईंचं पाऊल आपसूक सरकलं. फोटोत पोरं आणि जांभळा काठ.

मग नम्रतानं त्यांना दोन्ही खांद्यांना धरून उभं केलं. "बाई, हलायचं नाय!" बाई हलल्या नाहीत. पापणीसुद्धा हलली नाही. ओठ मिटलेले, मान ताठ, हात अंगाला चिकटलेले. नम्रता पडद्यात डोकावली नि म्हणाली, "छान हाय. खाली नंबर टाकला की झाला."

करुणानं बाहेर जाऊन खिडकीतून लेन्स लावून पाहिली. आतून लगेच हाक आली, "उन्हात काय उभी गो? डोकं दुखेल."

साडेअकरा झाले. आज नाही जमलं तर उद्या ही माणसं एकत्र नसतील, ही खोली यांची नसेल, आणि कधीतरी भिंतीवर खरोखरच तो नंबरवाला फोटो लागेल. करुणा आत येऊन कोपऱ्यात बसली, पुन्हा डोळा लावला. तर नेमका टोका पुढ्यात आला.

"हल की रे बाबा बाजूला," ती पुटपुटली.

"कोण?" वेदांतनं विचारलं.

"टोका. आत राहतो."

झालं. सगळी पोरं उठून तिच्या अंगावर. "मला दाखव! मला दाखव!" एकेकानं डोळा लावला. बहुतेकांनी एक डोळा मिटायचा म्हणून दोन्ही मिटले आणि तरी "दिसला, दिसला!" म्हणून उड्या मारल्या. संस्कृतीनं तर लेन्समध्येच तोंड घातलं. शेवटी सासूबाई आल्या.

"बघू तरी, माझे तांदूळ खाऊन किती माजलाय तो." त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, डोळा लावला, आणि एकदम फिस्सकन हसल्या. "अगो, खराच! मेला नम्रताच्या डोक्यावरून चाललाय!"

"बाई, तो आत काय खातो?" एका पोरीनं विचारलं.

पोरानं प्रश्न विचारला की सासूबाई खाली बसायच्या, इतक्या वर्षांची ती खोड. नवी साडी विसरून त्या जमिनीवर बसल्या. "काय खाणार? एकदा काय झाला, हा तांदूळ शोधत निघाला नि वाट चुकला. एका काळ्याकुट्ट घरात शिरला. घराला एकच खिडकी, ती पण गोल..." त्यांची दोन बोटं टोका होऊन संस्कृतीच्या दंडावरून चढू लागली. पोरं सरकत सरकत अंगाला भिडली. एकानं खांद्यावर हनुवटी टेकली. संस्कृतीनं आजीचा पदर तोंडात घातला.

करुणानं त्यांच्या मांडीजवळ ठेवलेला कॅमेरा उचलला, गुडघ्यावर मागे सरकली, श्वास धरला. बोटं गळ्यापाशी पोचली, संस्कृती किंचाळली, सासूबाईंनी मान मागे टाकली. आतला टोका त्यांच्या नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता. थांबू दे. तिनं बटण दाबलं. मग आणखी एकदा, आणखी एकदा. या वेळी कुणी "सरळ बसा" म्हणालं नाही.

पडद्यावर बघितलं तेव्हा तिचे डोळे भरून आले, म्हणून तिनं फोटो कुणाला दाखवला नाही. आया येत होत्या, कुणी हातात नारळ देत होतं, कुणी पाया पडत होतं. ती नुसती कॅमेरा पोटाशी धरून उभी राहिली.

शनिवारी सुहासनं फोटो मोठा करून, चौकट घालून आणला. येताना हातोडीही आणली आणि वडिलांच्या फोटोशेजारी खिळा ठोकून टाकला. सासूबाईंनी चौकट हातभर लांब धरली. बराच वेळ धरली. फोटोत त्यांचं तोंड उघडं होतं, पडलेल्या दाढेची जागा दिसत होती, कपाळावर चष्मा वाकडा, आणि अंगभर पोरं.

"दात दिसतायत."

"दिसू देत," करुणा म्हणाली.

"मी अशी हसते?"

"रोज. आम्ही बघतो."

सासूबाईंनी कालचा पेपर घेतला आणि चौकट नीट गुंडाळायला लागल्या. करुणा पुढे झाली. "आई, आवडला नाही?"

"आवडला म्हणून तर. सोमवारी नवी बाई येईल. पोरं विचारणार, आमच्या बाई कुठं गेल्या. तिनं काय दाखवायचं? वजनकाट्याच्या वर जागा हाय, तिथं लावून येते." त्यांनी दोरीची गाठ मारली. "घरात मी हायेच की."

"आणि हा खिळा?" सुहासनं विचारलं.

"त्याला पिशवी लाव."

करुणाला हसू आलं आणि ते आवरेना. आपल्याला जे हवं होतं ते झालं होतं, फक्त भिंत वेगळी निघाली होती. तिनं मनातल्या मनात ठरवलं, घरासाठी दुसरा काढायचा. घाई नव्हती.

"नुसती हसत काय उभी ऱ्हायलीस?" सासूबाई म्हणाल्या. "आता मी घरातच. पोरगी माझ्याजवळ. तुला काय ते समुद्राबिमुद्राचे काढायचे असतील ते काढून ये. एकच कर, आठच्या आत ये, मला चहा तुझ्या हातचा लागतो."

रविवारी पहाटे दार ओढून घेताना आतून संस्कृतीचा झोपाळलेला आवाज आला, आणि त्यावर आजीचा, "आई येतेय हां, तू माझ्याकडे ये." करुणानं स्कूटर अंगणातून ढकलत रस्त्यावर नेली, मग सुरू केली. भाट्याच्या पुलावर खाडीचं पाणी अजून राखाडी होतं. एक होडी दिवा लावून परत येत होती. तिनं गाडी कडेला लावली, कॅमेरा काढला आणि होडी जवळ यायची वाट बघत कठड्याला टेकून उभी राहिली.